मला तिठ्यावर उठव हं

अंथरुणं पडली ना सगळ्यांची? मग ऐका. मध्येच कुणी ‘काहीतरीच हं काका’ म्हणायचं नाही. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नव्हे, माझ्या सख्ख्या साडूंची आहे.

साडू बेकरीत भट्टीवर असतात. बावीस वर्षं रात्रपाळी. जग घोरत असतं तेव्हा हे पाव काढतात. त्याचा त्यांना भारी तोरा. म्हणायचे, झोप माझ्या मुठीत आहे. वर्षातून आठ दिवस रजा घ्यायची, पिशवी खांद्याला लावायची आणि एकट्यानेच बसने कुठेतरी भटकून यायचं, हा त्यांचा एकुलता एक शौक. मेहुणी म्हणते, "बरं आहे, तेवढेच आठ दिवस घरात शांतता."

गेल्या वर्षीची अकरा नोव्हेंबर. मंगळवार. साडू पहाटे पाचला निघाले ते तीन बस बदलून रात्री सव्वानऊला चौथीत चढले. दिवसभरात बघितलं काय? दुरुस्तीसाठी बंद असलेलं संग्रहालय आणि आटलेलं तळं. कंबरेचा काटा ढिला झालेला, पाय सुजून बुटात मावेनात. शेवटच्या थांब्यासमोर लॉजवर खोली सांगून ठेवली होती. तिथे जाऊन एकदाचं आडवं व्हावं, याखेरीज दुसरी इच्छा उरली नव्हती.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. किरकोळ अंगाची, मांडीवर कापडी पिशवी. बस सुटल्यावर म्हणाली, "बाळा, जागा राहशील का रे? मला तिठ्यावर उठव हं. लेक बॅटरी घेऊन उभी असते. माझा मेला डोळा लागतो नि मी पुढे जाते. ती बिचारी थंडीत ताटकळते."

"निर्धास्त झोपा, मावशी. मी रात्रपाळीचा माणूस."

"सगळे असंच म्हणतात," म्हातारी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पहिला अर्धा तास साडूंनी डोळे ताणून काढला. मग कधी मान पडली, त्यांचं त्यांना कळलं नाही.

जाग आली तेव्हा बस उभी होती. अकरा वाजून पाच मिनिटं. शेवटचा थांबा. शेजारची सीट रिकामी. कंडक्टर मागचे दिवे विझवत येत होता.

"तिठा गेला?" साडूंनी विचारलं.

"तासाभरापूर्वीच."

"मावशी उतरल्या ना पण?"

कंडक्टरचा हात बटणावरच राहिला. "तुम्हाला उठवायला सांगितलं होतं?"

"हो," साडू ओशाळून म्हणाले. "पण माझाच डोळा लागला."

कंडक्टर समोरच्या सीटवर टेकला. "साहेब, या गाडीतून ती गेली सहा वर्षं उतरलेली नाही. झोपेतच गेली. आम्हाला वाटलं, दमलीय, झोपू दे. इथे आल्यावर कळलं. लेक त्या रात्री पहाटेपर्यंत तिठ्यावर उभी होती. पुढे चार वर्षं रोज रात्री यायची बॅटरी घेऊन. मग तीही गेली. म्हातारी मला कधी सांगत नाही हो. सांगते ती एकट्या, दमलेल्या माणसाला. आणि दमलेला माणूस झोपतोच."

साडूंनी खिडकीबाहेर बघितलं. समोर लॉजची पाटी दिसत होती. दहा पावलांवर पलंग. पण भट्टीवरच्या माणसाला एक पक्कं ठाऊक असतं. वेळेवर काढला नाही तर पाव जळतो, मग सबब सांगून उपयोग नाही. आणि शब्द तर देऊन बसले होते.

"गाडी परत कधी जाते?"

"आत्ता. रिकामीच, डेपोत. तिठ्यावरूनच जाते." कंडक्टरने त्यांच्याकडे बघितलं. "नक्की येताय?"

साडू त्याच सीटवर बसले. ताठ. मांडीला चिमटे काढत. बाहेर काळोख. आत इंजिनाची घरघर. अर्धा तास काहीच नाही...

मग उजव्या खांद्यावर वजन आलं.

हलकंसं. झोपलेल्या माणसाची मान कलते ना... तसं.

साडूंनी वळून बघितलं नाही. खांदा गार पडत गेला. हात बधिर झाला. आणि डोळे... डोळे मिटायला लागले. ही झोप त्यांची नव्हती. कुणीतरी अंगावर पांघरूण घालत होतं. त्यांनी जीभ चावली. रक्त आलं.

बारा वाजून बारा मिनिटं. ड्रायव्हरने वेग कमी केला.

"मावशी..." साडूंनी हाक मारली. "मावशी, उठा. तिठा आला."

काही नाही.

"मावशी! लेक उभी आहे!"

...

खांदा हलका झाला.

दाराला कुणी हात लावला नव्हता. तरी ते उघडलं. गार वारा आत आला. बाहेर मिट्ट काळोख... आणि त्या काळोखात एक बॅटरी लागली. जरा थांबली. मग पायवाटेने दूर दूर गेली. ड्रायव्हर, कंडक्टर, साडू, तिघंही बघत राहिले. कंडक्टरच्या डोळ्यांना धार लागली होती.

डेपोत पोचल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत साडूंनी आतून कडी लावली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पडले. घरी न्यायला साडेपाचची पहिली गाडी होती. उठवायला कुणी नव्हतं, कंडक्टर घरी गेलेला. त्यांनाही आता कसली फिकीर नव्हती. पडल्या पडल्या घोरायला लागले.

"ऊठ रे बाळा. तुझी गाडी लागली."

कुणीतरी खांदे धरून हलवत होतं. साडू ताडकन उठले. पाच वीस. बाहेर गाडी खरंच लागली होती. खोलीत कुणी नव्हतं. कडी आतून होती तशीच.

तो शर्ट मी माझ्या हाताने उलगडून बघितलाय. मेहुणीने तीनदा धुतला, डाग निघत नाहीत. दोन्ही खांद्यांवर मातीची बोटं उमटलीत. डावीकडचा हात बारीक, सुरकुतलेला.

उजवीकडचा... उजवीकडचा मोठा आहे. दुसऱ्या बाईचा.