भोंगा वाजला नव्हता

बसा पोरांनो, वीज काही इतक्यात येत नाही. ही गोष्ट वेंडलची. वादळात आम्ही आसऱ्याला जायचो त्या आमच्या चर्चच्या तळघराची किल्ली त्याच्याकडे असायची.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्र झाली तरी दक्षिणेचा वारा उबदार होता, आणि त्याच्या मागून थंडीची लाट येत होती. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून तळघरातले नळ थोडे सोडून ठेवायला वेंडल निघाला.

त्याच्या आदल्या वर्षी अशाच रात्री मिस ओडेसाने त्याला फोन केला होता. ती ट्रेलरच्या, म्हणजे पाया नसलेल्या पत्र्याच्या घरात राहायची, आणि वारा सुटला की नातवाचं हेल्मेट घालून बसायची.

"ब्रदर वेंडल, तळघर उघडता का? वाऱ्याचं लक्षण बरं दिसत नाही."

"भोंगा वाजला का?"

"नाही."

"मग? टॉर्नेडोसारखा गरगरत नाही हा, नुसता सरळ वारा आहे. झोपा आता. आणि नातवाचं ते फुटबॉलचं हेल्मेट काढा डोक्यावरून. येशू हसेल!"

"हसू दे. डोकं तर शाबूत राहील."

आमच्या अलाबामात इशाऱ्याचा भोंगा फक्त टॉर्नेडोला वाजवायचा, सरळ वाऱ्याला नाही! हा नियम करणाऱ्यांनी एक रात्र ट्रेलरमध्ये काढावी. मी पेपरात लिहिलं, सभेत भांडलो. कुणी ढिम्म हललं नाही. त्याच रात्री त्या सरळ वाऱ्याने ओडेसाचं घर पाइनच्या झाडांत भिरकावलं. डोकं शाबूत होतं. छाती चेपली होती. नातवाच्या हट्टाने तिला हेल्मेटसकट पुरलं.

नियम वेंडलचा नव्हता. पण किल्ली त्याच्या खिशात होती. वर्षभर तो जेवताना ती किल्ली ताटाशेजारी ठेवून बसायचा.

तर त्या शनिवारी तो तळघरात उतरला. आतून कडी घातली. नळ सोडले.

वारा थांबला.

एकदम.

दारावर थाप...

"कोण आहे?"

...

पुन्हा थाप. मग हळूच, हसऱ्या आवाजात,

"भोंगा वाजला का, ब्रदर वेंडल?"

कडी हाताशी होती. त्याने हात उचलला...

नाही उघडली.

दुसऱ्यांदा.

मग वारा आला. सरळ.

सकाळी आम्ही दार फोडलं. आतली कडी तशीच होती. चर्चवर पाइन कोसळून तळघराची तुळई खाली आली होती, बरोबर वेंडलवर. तो जिवंत होता. रडत होता.

डोक्यावर हेल्मेट होतं. ओलं, तडा गेलेलं, आत नातवाचं नाव लिहिलेलं.

"मी दार उघडलं नव्हतं," एवढंच तो तेव्हा म्हणत होता.

हनुवटीखालचा पट्टा मी सोडवला. कुणीतरी तो फार काळजीने लावला होता.