निळ्या सदऱ्यावरची पांढरी अक्षरं

श्रीमंत पठाडे नावापुरताच श्रीमंत होता आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नसे. नगरच्या माळीवाड्यात सायकलच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मदतनीस कानिफनाथ, एवढाच त्याचा पसारा. दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी होती. तिच्याखालीच सायकलवाल्याने आपली पाटी ठोकल्यामुळे लोक पंक्चर काढायलाही वर येत.

१९७२च्या जानेवारीतल्या त्या सकाळी कानिफनाथ भलताच वैतागला होता. सायकलच्या चेनमध्ये त्याचं बोट सापडलं होतं. त्यावर त्याने टिंक्चर आयोडीन चोपडलं आणि त्याच ओल्या बोटाने डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली. टोपीवर काळपट निळा डाग उमटला.

"श्रीमंतराव, टिंक्चर तांबडं आन् डाग निळा! ही काय भानगड?"

"टोपी घाबरली असेल तुझी."

"चेष्टा नगा करू. कालच परटाकडून आनली, चांगली ताठ करून."

"मग परटालाच विचार की," श्रीमंत हसून म्हणाला.

इतक्यात एक तरुण मुलगी जिना चढून आली. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी, हातात गाठ मारलेला रुमाल. खुर्ची दाखवली तरी ती बसली नाही.

"मी फरीदा. झेंडीगेटच्या चांदभाई छापवाल्यांची मुलगी. अब्बा उद्यापासून दुकान बंद करणार आहेत. माझ्यामुळे. आणि माझी चूक नाही!"

"शेवटचं वाक्य मला आवडलं," श्रीमंत म्हणाला. "आता पहिल्यापासून सांगा."

फरीदाने सांगितलं ते असं. कोल्हारजवळच्या एका साखर कारखान्यात उसाच्या अड्ड्यावर संध्याकाळनंतर गाड्या आणि ट्रक यांची नुसती झुंबड उडते. मळी, वंगण असले डाग दिसू नयेत म्हणून माणसांचे सदरे गडद निळे. अंधारात माणूस दिसत नाही. गेल्या हंगामात एकाचा पाय चाकाखाली गेला. म्हणून आता सदऱ्यांच्या पाठीवर मोठी पांढरी अक्षरं छापून घ्यायची ठरली.

"त्यात काय अवघड?" कानिफनाथने विचारलं.

"गडद कापड पांढरा रंग पिऊन टाकतं, भाऊ. वर उरतो तो राखाडी डाग. म्हणून आम्ही आधी मेणकागदावर छापतो. उलटी अक्षरं, दाट पांढऱ्या रंगाची. त्यावर चिकट थर. मग कागद सदऱ्यावर पालथा घालून गरम प्रेसखाली दाबायचा, गार झाला की कागद सोलून काढायचा. अक्षरं कापडावर बसतात. पांढरा आणि चिकट, दोन्ही थर माझे आहेत. मी ते उकळले, सोड्यात भिजवले, दगडावर घासले. सदरा फाटला, पण अक्षर सुटलं नाही."

"आणि काल सुटलं."

फरीदाचे डोळे भरून आले. तिने ते रागारागाने पुसले. "काल कारखान्यात चाचणी होती. आमचा छाप आणि नेवाशाच्या गोरक्षशेठचा. त्यांनी तयार छाप मुंबईहून आणलेला. दोघांना एकाच कापडाचे नवे सदरे. नव्या कापडात खळ असते, खळीवर छाप धरत नाही, म्हणून मीच हट्ट धरला आणि परवा दोन्ही सदरे सगळ्यांसमोर गरम पाण्यात धुऊन घेतले. काल सकाळी चिठ्ठ्या टाकून कुणाचा सदरा कोणता ते ठरलं, सदऱ्यांना नावं अडकवली. जेवणानंतर छापले, सोड्याच्या पाण्यात घातले. गोरक्षशेठची अक्षरं फिकी दिसत होती, पण टिकली. आमची अख्खीच्या अख्खी सुटून बादलीत तरंगायला लागली."

"दाबलं कुणी?"

"शमशेरभाईने. माझा आतेभाऊ. आधी आमच्याच दुकानात होता, आता कारखान्याच्या प्रेसवर आहे. पण सगळे भोवती उभे होते, घड्याळ लावून. दोन्ही सदरे अगदी सारखे दाबले." तिने खोल श्वास घेतला. "अब्बा आधीच बोलून बसले होते, माझ्या मालात खोट निघाली तर दुकानाला कुलूप. आणि अब्बा एकदा बोलले की बोलले. उद्या संचालकांची बैठक आहे. ती झाली की संपलंच सगळं."

तिने रुमाल सोडला. आत सुटलेली अक्षरं होती. श्रीमंतने एक अक्षर उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं. मग त्याने कानिफनाथच्या टोपीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"न दाबलेला एखादा छाप उरलाय?"

"या गुंडाळीत आहेत."

"छान. कानिफा, टिंक्चरची बाटली खिशात टाक. आणि ती टोपी अजिबात धुवू नकोस."

कानिफनाथला काही कळलं नाही. पण ती त्याची रोजचीच गोष्ट होती.

*

कारखान्याच्या फाटकाशी कडुनिंबाखाली एक उंच, वयस्क गृहस्थ उरलेला माल घेऊन जायला आले होते. ते चांदभाई. त्यांच्या कोटाचा खिसा जड होऊन लोंबत होता.

"साहेब, पोरीला समजवा," ते म्हणाले. "जबान दिली म्हंजे दिली." त्यांनी खिशातून नवंकोरं कुलूप काढून दाखवलं. "येतानाच घेतलं."

फरीदाने तोंड फिरवलं.

"कुलूप राहू द्या खिशात," श्रीमंत म्हणाला. "कुठे लावायचं ते संध्याकाळी ठरवू."

खरेदीचं काम पाहणारे आप्पासाहेब चाचणीवर खूश होते, आणि प्रेसवर तर त्याहून.

"मशीनला नाव ठेवायला जागा नाही! आणलं तेव्हा तापायला इतका वेळ घेतला की मी वैतागलो होतो. काल मात्र बटण दाबलं, चहा मागवला, चहा यायच्या आत मशीन तयार."

"जेवणाआधी चालू केलं होतं?"

"छे, छे! सकाळी चिठ्ठ्या काढल्या, सदरे तिथेच मेजावर ठेवले, खोलीला कडी घातली आणि सगळे जेवायला गेलो."

"कुलूप?"

"घरच्या घरात कुलूप कशाला हो?"

नेवाशाचे गोरक्षशेठ बाकावर घाम पुसत बसले होते. ऑर्डर हातात आल्यातच जमा होती, तरी चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"मी कशाला काय करू? माझा माल मुंबईचा हाय. काल मला जेवायचं सुदिक भान न्हवतं. पोट बिघडल्यालं. कँटीनमागं बाजंवर पडून हुतो."

"एकटेच?"

"मग काय, वाजंत्री लावून पडू?"

कानिफनाथने श्रीमंतला कोपर मारलं. "सापडला! बाकीचे जेवत असताना हा एकटाच मोकळा."

"बघू," श्रीमंत म्हणाला.

शमशेर प्रेसच्या खोलीत मशीन पुसत होता. तिशीच्या आतबाहेरचा, देखणा, हातांची बोटं कारागिराची.

"मला वाईट वाटतं, साहेब. मामूंच्या हाताखालीच मी शिकलो. पण खरं सांगू? घरी पातेल्यात ढवळलेला माल असा बाजारात टिकत नसतो. फरीदा हुशार आहे, पण हा काही बायकांचा खेळ नाही. मामूंना मी तेव्हाच सांगितलं होतं."

"म्हणून दुकान सोडलं?"

"इथं नोकरी चांगली मिळाली."

"सदरा हाताला कसा लागला?"

"मऊ. धुतलेलाच होता ना."

"काल जेवण कसं होतं इथलं?"

शमशेर हसला. "झकास. भात, आमटी, वांग्याचं भरीत. दोनदा वाढून घेतलं."

"नशीबवान आहात," श्रीमंत म्हणाला आणि थेट कँटीनकडे चालू लागला.

कँटीनमध्ये साळूबाई भांडी घासत होती. कालचं नाव काढताच तिचा पट्टा सुरू झाला.

"पावन्यांसाठी मुद्दाम भात केल्ता, तर एकेकाची पोटंच बिघडली! गोरक्षशेठनी पेज मागितली. मीठ आन् ताक घालून दिली, बिचारे बाजंवर पडून प्याले. मला हितनं दिसत हुते. शमशेर बी आला, पोट दुखतंय, वाटीभर कांजी दे म्हनला, दाट दे. म्हनलं मीठ टाकू? तर नगो म्हनला. बिनमिठाची कशी उतरती घशाखाली, त्यालाच ठावं!"

"दोन्ही एकाच पातेल्यातलं?"

"मग! भाताचं पानीच त्ये. दोन पातेली कुटनं आनू?"

श्रीमंतने तिला चक्क नमस्कार केला. साळूबाई लाजली. कानिफनाथ मात्र हिरमुसला, कारण गोरक्षशेठ बाजेवरच होते हे आता पक्कं झालं होतं.

"म्हंजे कुनीच न्हाई?" त्याने विचारलं.

"आहे की. नावानिशी सांगितलं तिने. चल, सगळ्यांना बोलावून आण."

*

प्रेसच्या खोलीत सगळे जमले. श्रीमंतने मेजावर वर्तमानपत्र पसरून तीन गोष्टी मांडल्या. काल सुटलेलं एक अक्षर, एक न दाबलेला छाप आणि कानिफनाथची टोपी.

"माझी टोपी कशाला?" कानिफनाथ कुरकुरला.

"कारण ही केस तुझ्या टोपीने सोडवली आहे. आप्पासाहेब, या टोपीवर आज सकाळी टिंक्चर लागलं. टिंक्चर तांबूस, डाग निळा. का? टोपी ताठ आहे म्हणून. परटाने तिला कांजी केली आहे. पिठूळ पदार्थाला टिंक्चर लागलं की असाच रंग येतो. आता हे बघा."

त्याने न दाबलेल्या छापाच्या चिकट थरावर टिंक्चरचा थेंब टाकला. डाग तांबूसच राहिला.

"म्हणजे फरीदाच्या मालात पीठ नाही, खळ नाही. आता कालचं अक्षर."

त्याने सुटलेलं अक्षर उलटं केलं आणि जी बाजू कापडाला चिकटायला हवी होती तिच्यावर थेंब टाकला. पांढऱ्या अक्षराची पाठ बघता बघता निळी झाली. आप्पासाहेबांच्या तोंडून "अरे!" निघून गेलं. चांदभाई पुढे झाले आणि मेजाला धरून उभे राहिले.

"गडद सदऱ्यावर हा थेंब टाकला असता तर काहीच दिसलं नसतं. निळ्यावर निळं. करणाऱ्याचा तोच भरवसा होता. पण गडद कापडासाठीच फरीदाने हा दाट पांढरा थर दिलेला आहे, आणि त्याच पांढऱ्याने चुगली केली. अक्षर कापडाला चिकटलंच नव्हतं. ते कांजीला चिकटलं. सोड्याच्या पाण्यात कांजी गेली, तिच्याबरोबर अक्षरही गेलं."

"पण सदरे तर आम्ही धुऊन घेतले होते!" आप्पासाहेब म्हणाले.

"परवा. कांजी लागली काल, चिठ्ठ्या निघाल्यावर. त्याआधी चांदभाईंचा सदरा कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे जेवणाच्या वेळेत."

"ओला सदरा आम्हाला दिसला नसता?"

"वाळवला होता. तुमचं गुणी मशीन चहाच्या आत तापलं, कारण ते गार झालंच नव्हतं. जेवणाच्या वेळेत कुणीतरी सदऱ्याच्या पाठीला कांजी चोपडून याच प्रेसखाली तो कोरडा केला."

गोरक्षशेठ ओरडले, "मी पेज प्यालो, चोपडली न्हाई!"

"बरोबर बोललात, शेठ. तुमचं पोट दुखत होतं म्हणून तुम्ही पेज मागितलीत. आजारी माणूस पेज मागतो. कांजी मागतो तो कपड्याला लावायला. पातेलं एकच, पण शब्द दोन आहेत. काल एकाने पोट धरून कांजी मागितली. दाट मागितली. मीठ नको म्हणाला. आणि त्याच दुखऱ्या पोटाने दोनदा भात वाढून घेतला." श्रीमंत वळला. "शमशेर, छापताना त्या सदऱ्याला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. कांजीचा सदरा तुम्हाला मऊ कसा लागला?"

शमशेरने हातातलं फडकं खाली टाकलं.

"का रे?" चांदभाईंनी विचारलं. आवाज इतका हळू की कानिफनाथला पुढे वाकावं लागलं.

"का म्हणजे?" शमशेर उसळला. "एवढी वर्षं तुमच्याकडे हात भाजून घेतले मी, मामू! आणि तुम्ही माझा छाप बाजूला ठेवून हिचा उचललात. चार माणसांत म्हणालात, पोरगी पुढे गेली. हिचा छाप टिकला असता तर मी कशाचा कारागीर?"

"तुझा छाप दुसऱ्या धुण्यात गेला होता, भाई," फरीदा म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला, चिकट थर जाड कर. तू ऐकलं नाहीस. अब्बांचं दुकान बंद पडणार होतं, तेही तुला चाललं?"

शमशेरची मान खाली गेली. "मामू खरंच कुलूप घेतील असं वाटलं नव्हतं," तो पुटपुटला.

"मला ओळखत असूनही?" चांदभाई म्हणाले.

आप्पासाहेब घसा खाकरून म्हणाले, "याचं काय ते बैठकीत बघू. पण चाचणी पुन्हा व्हायला हवी."

"आत्ता," फरीदा म्हणाली. "आणि दाबणार मी."

कोठारातून नवा सदरा आला. फरीदाने तो स्वतः गरम पाण्यात धुतला, प्रेसखाली वाळवला, कागद पालथा घातला आणि हँडल ओढलं. कागद गार होईपर्यंत ती थांबली. मग तिने तो एका झटक्यात सोलला. निळ्या पाठीवर पांढरीफेक अक्षरं उठली. आप्पासाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि सोड्याच्या बादलीत सदरा घालून घासला, पिळला, पुन्हा घासला. गोरक्षशेठनीही नखाने खरवडून पाहिलं.

"न्हाई सुटत," ते कबूल झाले. "लई चिवट हाय. मुंबईवाल्यानं मला फसवलं."

फरीदा हसली आणि हसता हसता रडली.

चांदभाईंनी खिशातून कुलूप काढलं, किल्लीसकट. ते त्यांनी मुलीच्या ओल्या हातात ठेवलं.

"खोट मालात नव्हती. त्या जबानेतून मी सुटलो, तरी हे विकत घेतलंय ते वाया कशाला घालवू? आजपासून दुकान सकाळी तू उघडायचं आन् संध्याकाळी तूच बंद करायचं. मी आलो तर वेळेवर येईन, उशीर झाला तर बोल मला."

फरीदाने किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. कानिफनाथने मेजावरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली, डाग मुद्दाम पुढे ठेवून.