हिरवा ठिपका

टेकडीच्या शेवटच्या वळणावर एक माणूस ओल्या मातीत मांडी घालून बसला होता. समोर त्याची सायकल चाकं वर करून उलटी उभी होती, आणि तो तिच्याकडे असा बघत होता, की आता तिनंच काहीतरी बोलावं.

मागून सायकलीवर चढ चढत आलेली मुलगी थांबली. सुट्टीच्या सकाळी ती एकटीच सायकल घेऊन टेकडीवर यायची, पण अडलेल्या सायकलीला वळसा घालून पुढे जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात ती चौदाव्या वर्षापासून हात काळे करत होती. बाबा तिला ‘उस्ताद’ म्हणायचे. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता मनापासून. आणि उस्ताद कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही.

“काय झालं?”

“तुटलं…” त्यानं तळहात पुढे केला. त्यावर बोटाच्या पेराएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा होता. “एवढ्याशा तुकड्यापायी अख्खी सायकल बंद.”

“त्याला हँगर म्हणतात. गिअर बदलणारा हा हात आहे ना, डिरेलर, तो सायकलच्या सांगाड्याला याच्या आधारानं लटकतो. मुद्दाम नरम बनवतात.”

“मुद्दाम?”

“दगड लागला, सायकल पडली, तर यानं मोडावं आणि सांगाडा वाचावा म्हणून. उपकार माना त्याचे.”

“आभारी आहे,” तो त्या तुकड्याला गंभीरपणे म्हणाला. तिला हसू आवरेना.

“जादा हँगर ठेवलाय बरोबर?”

“जादा असतो?”

“असतो. पण प्रत्येक सायकलीचा वेगळा. माझा तुम्हाला चालायचा नाही. शहाणी माणसं आपापला पिशवीत टाकूनच निघतात.”

“भूगोलाचे शिक्षक त्यात मोडत नाहीत वाटतं.”

“त्यात मोडत नाहीत, नुसतं मोडतात,” ती म्हणाली, आणि आता हसायची पाळी त्याची होती. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. तिनं घाईघाईनं पिशवीतून चेन तोडायचं हत्यार काढलं.

डिरेलर काढून टाकायचा, चेन आखूड करून मधल्या एकाच चक्रावर बसवायची. गिअर बदलणार नाहीत, पण माणूस घरी पोचतो. लोंबणारा डिरेलर तिनं हातात घेतला… आणि तिचा हात थबकला. त्याच्या स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता.

तो ठिपका तिचा होता. नीट लावलेल्या प्रत्येक गिअरवर ती तो टाकायची. ही माझी सही, असं ती गिऱ्हाइकांना मान ताठ करून सांगायची.

“शनिवारीच गिअर लावून आणले होते हो,” तो सांगत होता. “बहिणीनं दुकानात नेऊन दिली होती सायकल. आणि आज चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला, तर हा हात चाकाच्या तारांतच घुसला. पण दोष माझाच. मी हात लावीन ते मोडतं, घरी सगळे तेच म्हणतात. पुढच्या रविवारी शर्यतीत नाव दिलं होतं, ते आता राहू दे. विकून टाकतो ही.”

शनिवार संध्याकाळ तिला लख्ख आठवली. दुकानात गर्दी, निळी सायकल, कुरकुरणारे गिअर. बाबांचा नियम होता, हँगर वाकलाय का ते लांब दांडा लावून तपासल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. तिनं दांडा लावलाच नव्हता. स्क्रू फिरवून गिअर गोड बोलायला लावले, ठिपका टाकला, पुढची सायकल घेतली. आत वाकलेला हँगर तसाच राहिला होता.

सांगावं… पण तो तिच्या बोटांकडे इतक्या कौतुकानं बघत होता, की तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. तिनं चेन जोडली, आपल्या दुकानाचं नावही न सांगता निघाली, आणि उतार कधी संपला ते तिला कळलं नाही.

पुढचे तीन दिवस तिनं दुकानातल्या प्रत्येक सायकलीला दोन-दोनदा दांडा लावला. बाबा म्हणाले, “उस्ताद, सायकल वाकलीय की तू?” खाई त्याला खवखवे, दुसरं काय. एका माणसाची चेष्टा होत राहणार होती, सायकल जाणार होती, आणि त्या सगळ्यावर तिची सही होती.

चौथ्या दिवशी तो निळी सायकल ढकलत दुकानाच्या दारात उभा राहिला.

“ही विकायला ठेवाल?” त्यानं बाबांना विचारलं. मग ती दिसली, आणि खळीही दिसली.

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. तिनं पाना खाली ठेवला.

“विकू नका. तुम्ही काही मोडलं नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “शनिवारी गिअर मी लावले. हँगर वाकलेला होता, मी तपासला नाही. टेकडीवर माझं मला कळलं, आणि मी गप्प बसले… त्याची जास्त लाज वाटते.”

बाबा चष्मा पुसत बाकावरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “माझी मुलगी आहे,” जणू त्याला ते ठाऊकच नव्हतं.

“मला माहीत होतं,” निळ्या सायकलवाला तिला म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या अंगठ्याच्या नखाला या स्क्रूवरच्या ठिपक्याचाच हिरवा रंग होता. सायकल विकायला दुकानं चार आहेत. इथे आलो तो त्या नखासाठी.”

“मग बोलला का नाहीत?”

“कारण त्या शनिवारच्या आधी मीच सायकल उजव्या अंगावर धाडकन पाडली होती. हँगर तेव्हाच वाकला असणार. लाजेनं बहिणीला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. तेव्हा चूक अर्धी-अर्धी.”

“अर्धी नाही,” तिनं मान वर केली. “पाडणं तुमचं काम, तपासणं माझं. माझ्या ठिपक्याखालची चूक मी कुणाला वाटून देत नाही.”

“अभिमान फार आहे.”

“आहे. चालेल?”

“चालेल… मला तर फार आवडला,” तो हळूच म्हणाला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिनं नवा हँगर बसवला, बाबांच्या देखत दांडा लावला, चाकाच्या चारही बाजूंना दांड्याचं अंतर सारखं आलं तेव्हाच गिअर लावले. ठिपका टाकताना तिचा हात जरा जास्तच रेंगाळला.

“जादा हँगर दोन द्या,” तो म्हणाला.

“एक पुरतो.”

“एक माझ्या पिशवीत. दुसरा तुमच्या.”

“माझ्या सायकलीला तो बसत नाही, सांगितलं होतं ना?”

“लक्षात आहे. पण माझा मी मोडणारच. दुसरा तुमच्याकडे असला, तर दर सुट्टीला मला तुमच्याबरोबरच यावं लागेल. रविवारच्या शर्यतीच्या आधी एकदा टेकडी चढायचीय… याल?”

बाबा अचानक अडगळीतला पंप शोधायला आत गेले. आपल्या सायकलीला जन्मात न बसणारा तो तुकडा तिनं फडक्यानं पुसला, आणि पिशवीच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवून दिला.