सड्यावरची पंगत

पौषातल्या त्या सकाळी लीला खेडच्या एस.टी.तून उतरली तेव्हा गंगाराम थांब्यावर उभाच होता. खांद्यावर केळीच्या पानांची वळकटी, कानाला मफलर.

“मास्तरांची पोर वेळेवर आली म्हनायची. मास्तर दर साली उशीर करायचे.”

“अण्णांना आधी चहा लागायचा,” लीला म्हणाली.

“चहा लागायचा, नि पंगतीत तू लागायचीस. लग्नात शेजारच्या पानावर सुपारी ठेवून तुझी जागा धरायचे. एकदा तर नवरदेवाच्या मामाला उठवला होता.”

लीला कित्येक दिवसांनी हसली.

गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या गाद्यांचं भांडण पेटलं असताना, एक चकमक झाली होती. इतिहासाच्या पुस्तकात तिला एक ओळही नाही. ऐन थंडीत, दाट धुक्यात, या एकाच गावचे बावीस जण दोन्ही बाजूंनी लढले आणि एकमेकांना न ओळखता मेले. चुलींवरचा भात तसाच राहिला. म्हणून दर पौषात गाव त्यांना जेवू घालतं. एकेकाला नावानं हाक मारायची, पान मांडायचं, गुरगुट्या भात वाढायचा आणि तो निवेपर्यंत सगळ्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं.

नावं अण्णांनी जुन्या कागदांतून शोधली होती. हाकाही पंचवीस वर्षं तेच मारत. मार्गशीर्षात ते गेले. शेवटचे चार दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. अखेर दर्भाचा कावळा करावा लागला. लीला रत्नागिरीच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, असल्या गोष्टी न मानणारी. तरी त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सड्यावर वाळलं गवत दवानं जड झालं होतं. गावची माणसं कुडकुडत, थट्टामस्करी करत जमली होती. अण्णांच्या हातची यादी उघडून लीला वाचू लागली.

“सदू बिन लवू. बाबल्या बिन काशीराम...”

एकेका नावाला एकेक पान कातळावर मांडलं जात होतं.

“...धोंडू बिन बाबू. दत्तात्रेय परशुराम.”

गंगारामचा हात थांबला. लीलानं कागद जवळ धरला. शेवटच्या नावाखाली, ओळ न सोडता, अण्णांची सही होती.

“चुकून वाचली मी, गंगारामदादा. सही आहे ती.”

“हाक गेली, बाय. हाक मारलेल्याला उपाशी ठेवायचं नाय.”

पानं बावीसच होती. भाताच्या टोपावर झाकलेलं पान गंगारामनं विळ्यानं आडवं कापलं. अर्धं मांडलं, अर्धं परत टोपावर झाकलं. भात वाढून झाला. सगळ्यांनी पाठ फिरवली.

जगबुडी नदीकडून धुकं वर आलं. समोरचं आंब्याचं झाड पुसलं गेलं. वारा नव्हता. मागून गरम भाताचा वास येत होता.

मग गवत करकरलं. कुणीतरी मांडी घालून बसावं तसं.

घासावर फुंकर मारल्याचा आवाज आला.

“दर वर्षी असंच असतं?” लीलानं हळूच विचारलं.

“नाय,” गंगाराम म्हणाला.

बऱ्याच वेळानं धुकं विरळ झालं. सगळे वळले.

बावीस पानांवर भात जसाच्या तसा होता, वर साय धरलेली. तेविसावं पान मात्र लख्ख पुसलेलं होतं, आणि तृप्त माणूस उठताना पान मिटतो तसं मिटलेलं.

“जेवले,” लीला म्हणाली. गंगारामनं तिच्याकडे पाहून मान हलवली आणि टोप उचलायला वाकला.

टोप उघडा होता.

झाकलेलं अर्धं पान अण्णांच्या पानाशेजारी मांडलं होतं. रिकामं, नुकतंच पाणी शिंपडलेलं. मधोमध एक सुपारी.

“बाय,” गंगाराम म्हणाला, “चल खाली. लगेच चल.”

लीला हलली नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली होती.