जमिनीवरचा ढग

सावरपाड्याच्या आश्रमशाळेतला हवादिवा हिरवा होता, म्हणून सकाळी दहा वाजता दोनशे बारा मुली मैदानात कवायतीला उभ्या होत्या. दिवा हिरवा तर बाहेर, लाल झाला की आत आणि खिडक्या बंद, हे पहिलीतल्या मुलींनाही पाठ होतं. दिव्याचा रंग ठरवायचा उपग्रह. छत्तीस हजार किलोमीटरवरून तो दर अर्ध्या तासाने देशाची हवा लहान लहान चौकटींत मोजायचा.

पुण्यातल्या केंद्रात हेमांगी देवरे त्याच चौकटी बघत होती. ती शाळा तिची थोरली बहीण सुनंदा चालवायची, त्यामुळे तिची नजर आधी तिकडेच जायची. आज तिथल्या पाच चौकटींवर ढगाची खूण होती. ढगाखालची हवा उपग्रहाला दिसत नाही, म्हणून अशा चौकटीत मागच्या स्वच्छ दिवसाचा आकडा भरला जाई. हे काम करणारा ‘ढगचाळणी’ नावाचा संगणक-प्रोग्राम हेमांगीनेच लिहिला होता. वरिष्ठांना रिकाम्या चौकटी खपत नसत. चाळणीबद्दल तिला शाल-श्रीफळही मिळालं होतं.

पण मार्च महिना, चहूकडे निरभ्र आकाश, आणि एवढासा ढग? तिने त्याची उंची काढली. जवळजवळ शून्य. औद्योगिक वसाहतीच्या एका कोपऱ्यातून निघून तो जमिनीलगत शाळेकडे सरकत होता. दाट पांढऱ्या वायूला तिची चाळणी ढग समजली होती आणि दिव्याला जुनी, चांगली हवा कळवत होती.

शेजारच्या सहकाऱ्याला तिने जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला कळवायला सांगितलं आणि स्वतः बहिणीला फोन लावला. ताई मजेत होती. नाल्याकडून धुकं येतंय म्हणाली, नेहमीपेक्षा दाट, मुलींचं कवायतीत लक्षच नाही.

“ताई, ते धुकं नाही, वायू आहे, खालीच साचतो. ओले रुमाल नाकाला लावून सगळ्यांना मागच्या टेकडीवर ने. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, पण दिवा हिरवा आहे.”

“तो माझ्या चुकीने हिरवा आहे.”

पलीकडे शिट्टी वाजली आणि फोन बंद झाला.

पुढची बावीस मिनिटं हेमांगीने कशी काढली, तिचं तिलाच ठाऊक. नुसतं बसवेना म्हणून तिने जुन्या नोंदी उघडल्या आणि याच चौकटींतले जमिनीलगतचे ढग शोधले. तीन वर्षांत अडतीस निघाले, सगळे कोरड्या महिन्यांतले. त्या सगळ्या दिवशी दिवा हिरवाच होता.

फोन वाजला. ताईला धाप लागली होती. सगळ्या वर पोचल्या, दोनदा मोजल्या, खाली शाळा दिसत नाही, असं तिने तुटक तुटक सांगितलं. हेमांगीला रडू कोसळलं. ताई मात्र रडत नव्हती.

“धुकं पडलं की मुली हट्ट करायच्या, आणि मी हिरवा दिवा बघून त्यांना खेळायला सोडायचे,” ती म्हणाली. “हेमा, त्यातलं खरं धुकं किती होतं गं?”