चार नंबरचं घड्याळ

नवेगाव बांधच्या तलावात पाच खांब रोवलेले आहेत आणि प्रत्येकावर पक्ष्यांचे आवाज टिपणारं एकेक यंत्र. पाचही यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळली पाहिजेत, नाहीतर कुठला पक्षी कुठून ओरडला याचा पत्ता लागत नाही. म्हणून सेवकराम रोज डोंगा घेऊन खांबाखांबापाशी जाई, थाळी तीनदा वाजवी आणि नंबर मोठ्यानं सांगे. काठावरच्या खोलीत टीना यंत्रांचे आवाज हेडफोनवर थेट ऐके आणि लॅपटॉपवर ती वेळ ताडून बघे. काम साधं, पण चुकलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

सोमवारी चार नंबरचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे गेलं. टीनानं सगळी सेटिंग उलटीपालटी करून पाहिली. फरक तोच.

मंगळवारी सेवकराम तिच्यासमोर चहा पीत बसलेला असताना तिच्या हेडफोनमध्ये त्याची थाळी वाजली. "चार नंबर!" आणि मग ठसका. चाळीस मिनिटांनी तो खरोखरच तिथे पोचला, थाळी वाजवली, नंबर सांगितला आणि ठसकला. टीना कोणाला काही बोलली नाही. बोलून वेड्यात कोण निघणार?

बुधवारी सकाळी अकराला चार नंबरवरून पुन्हा थाळी ऐकू आली. मग डोंगा कलंडला. मग पाण्यात गुदमरणारा आवाज, "ताई! ताई वं!" मग काहीच नाही.

सेवकराम समोरच खुर्चीत बसून चहा फुंकत होता. त्याची बायको शामकला आतल्या खोलीत पोहे परतत होती.

"भाऊ, आज जायचं नाही."

"काऊन? साहेब भडकतीन ना."

"भडकू देत. पाया पडते, जागचे हलू नका."

"तुमी रडून काऊन राहिल्या? बरं, नाही जात."

दोन्ही खोल्यांना मिळून बाहेर जायचं दार एकच. टीना लॅपटॉप मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली. जीव नुसता टांगणीला लागला होता. ती चाळीस मिनिटंच पुसून टाकली तर? घड्याळ एकदम ढकलायचं नसतं, थोडं थोडं सरकवत आणायचं असतं. या कामात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण तसं करायला दिवस लागला असता. तिनं डोळे मिटले आणि घड्याळ एका झटक्यात मागे ओढलं.

फरक शून्य.

हेडफोनमध्ये डोंगा कलंडला.

तिनं वर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. कपातून वाफ निघत होती.

तिला ओलांडून कोणीही गेलं नव्हतं.

शामकला पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. "हे कुठी गेले वं ताई? चप्पल तं इथंच हाये."

टीनानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. चार नंबरला पोचायला डोंग्यानं अर्धा तास लागतो, आणि तिच्या कानांत तो अजून हातपाय मारत होता.