मनकर्णाबाईंची जबानी

"मुल्की, की गैरमुल्की?"

किती वर्षं झाली, तरी तो आवाज कानात तसाच आहे… कोवळा, आणि उगाच जाड केलेला. औरंगाबादच्या कचेरीत मी अर्ज घेऊन उभी होते आणि कारकून मान वर न करता विचारत होता. मी म्हटलं, ते तर तुम्हीच ठरवायचंय. तेव्हा त्यानं वर पाहिलं, आणि दौतीत बुडवलेला टाक दौतीतच राहिला.

नाव नानासाहेब, राहणार सिल्लोड. नाव एवढं भारदस्त, अन् मिशी नुकती कुठं फुटलेली.

आम्ही मूळचे येवल्याचे विणकर. येवलं काही समुद्रापलीकडं नाही, बैलगाडीनं दोन-तीन दिवसांची वाट. पण तिकडं इंग्रजांचं राज्य, इकडं निजामाचं. म्हणून आम्ही परके. पंधरा वर्षं इथं राहिल्याचं शाबीत झालं, तर मुल्कीचा दाखला. आणि दाखला असेल, तरच मुलींच्या शाळेतली मास्तरीणबाईंची जागा. आम्ही आलो तेव्हा मी पाच वर्षांची, आता वीस सरलेली. शेजाऱ्यांची जबानी तेवढी हवी होती, तीही आठ दिवसांत. नाहीतर जागा दुसरीला जायची.

चौकशीला नानासाहेब घरी आला. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत, केसांना चोपून तेल. विचारलं काय, तर मुलीचं नाव, वडलांचं गाव, शिक्षण किती, आणि इथंच कायम राहणार ना…

शेजारच्या मनकर्णाबाई समजायचं ते समजल्या. मला पदर सावरायला लावून पोह्यांची बशी देऊन बाहेर धाडलं. माझ्या पुरणपोळीचं कौतुक झालं. वय विचारलं, तर लग्नाच्या पोरीचं सांगतात तसं दोन वर्षांनी उतरवून सांगितलं… अठरा. पाचाची आली, अठराची झाली. म्हणजे येऊन तेराच वर्षं. त्याखाली त्यांनी ठसठशीत अंगठा उठवला.

माझ्या वडलांनी, आण्णांनी, त्यांना परोपरीनं समजावलं, की माणूस सरकारी कामाला आलाय. नोकरदार हाय, मंग तर लई चांगलं, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं.

तो पुन्हा आला. पुन्हा आला. तेच प्रश्न, तेच पोहे, तेच अठरा.

सातव्या दिवशी मी त्याला अंगणातल्या कडुलिंबाखाली गाठलं.

"तुम्ही बघायला आला नाहीत, एवढं सांगा त्यांना. लगेच खरं बोलतील."

तो बटण पिळत राहिला. "सांगणार होतो… पहिल्याच दिवशी."

"मग?"

"सरकारी कामात खोटं कसं बोलू, सरूबाई?"

लिंबाची बारीक फुलं त्याच्या खांद्यावर पडत होती. मला ती झटकावीशी वाटली… हात पदरातच राहिला.

"वय वीस, हे तुमच्या अर्जातच होतं," तो खाली बघत म्हणाला. "वाचूनच तर आलो होतो."

"मग नका सांगू," मी म्हटलं. आवाज माझाच, पण केवढासा.

दाराआड बांगड्या वाजल्या. मनकर्णाबाई अंगठा पुढं करूनच बाहेर आल्या.

"लिहा बाप्पा आता. वीस सरलंय पोरीला. पंधरा वर्सं झाली येऊन, माझ्याच ओट्यावर उतरली व्हती ही मानसं."